हवामानाचे उपग्रह नुसते सोडून भागत नाही, ते सलग चालवावे लागतात

२०१७ च्या जुलैमध्ये बीड जिल्ह्यातल्या काही शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसात तक्रार दिली होती, काही जणांना आठवत असेल. पाऊस चांगला होणार असं सांगितलं, त्या भरवशावर पेरण्या उरकल्या, मग पावसाने ओढ दिली आणि बियाणं, खत, मजुरी सगळं मातीत गेलं. शहरात बऱ्याच लोकांनी त्या बातमीची टिंगल केली. मला ती टिंगल करण्यासारखी तेव्हाही वाटली नाही आणि आजही वाटत नाही. हवामानाचा अंदाज ही सरकारी सेवा आहे, माणूस त्याच्यावर पैसे लावून पेरतो, तर त्याने जाब विचारायलाच पाहिजे. फक्त जाब नेमका कशाचा विचारायचा हे आपल्याला अजून नीट कळलेलं नाही असं माझं मत आहे, आणि म्हणून हे एवढं लिहितोय.

आधी एक गोंधळ दूर करू. एप्रिल-मे मध्ये टीव्हीवर जो आकडा झळकतो, सरासरीच्या ९६ टक्के, १०४ टक्के वगैरे, तो अख्ख्या देशाचा असतो आणि जून ते सप्टेंबर चारही महिन्यांचा मिळून असतो. देशाची ही सरासरी साधारण ८७ सेंटीमीटर आहे. ती तंतोतंत गाठली तरी अंबाजोगाईला जुलैचे तीन आठवडे कोरडे जाऊ शकतात, कारण आसाममध्ये, केरळात पडलेला पाऊसही त्याच बेरजेत असतो. पेरणीला हा आकडा उपयोगाचा नाही, आणि हे शेतकऱ्याला बांधावर जाऊन कोणी सांगत नाही ही खरी चूक. पेरणीला कामाचा असतो तो पुढच्या पाच-दहा दिवसांचा अंदाज. आणि गंमत बघा, गेल्या चाळीस वर्षांत सगळ्यात जास्त सुधारला तो हाच अंदाज. साधारण दर दहा वर्षांनी एक दिवस, असा त्याचा वेग राहिलाय. म्हणजे आज पाच दिवसांपुढचा अंदाज जितका भरवशाचा आहे तितका वीस वर्षांपूर्वी तीन दिवसांपुढचा असायचा.

हे कशामुळे झालं? कॉम्प्युटर मोठे झाले, हवामानाची गणिती मॉडेल सुधारली, हे आहेच. पण उपग्रहांचा वाटा किती हे ज्याला पुराव्यासकट बघायचंय त्याने दक्षिण गोलार्धाकडे बघावं. तिकडे जमीन थोडी आणि समुद्र अफाट, समुद्रावर ना वेधशाळा ना हवा मोजणारे फुगे सोडायला माणसं. १९८० च्या सुमारास दक्षिण गोलार्धाचे अंदाज उत्तरेपेक्षा कितीतरी कच्चे होते. २००० च्या आसपास हा फरक जवळजवळ मिटला. समुद्र होता तेवढाच राहिला, तिकडे नवीन शहरं वसली नाहीत, बदललं ते एवढंच की वरून मोजणारी यंत्रं वाढली आणि त्यांचा डेटा मॉडेलमध्ये नीट घालायची पद्धत शास्त्रज्ञांनी शोधून काढली. आज मोठमोठ्या केंद्रांच्या मॉडेलमध्ये जी निरीक्षणं जातात त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त उपग्रहांकडून येतात. आणि आपला मान्सून येतो कुठून? दक्षिण गोलार्धातून, विषुववृत्त ओलांडून, सोमालियाच्या किनाऱ्याला घसटत, अख्खा अरबी समुद्र पार करून. म्हणजे आपल्या पावसाची तयारी जिथे चालते तिथे उपग्रहाशिवाय बघणारं जवळपास कोणी नाही.

आता उपग्रह म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बातम्यांच्या शेवटी येणारा तो पांढऱ्या ढगांचा फोटो येतो. तो फोटो कामाचा आहेच, पण ते एकूण कामाचं एक टोक झालं. इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस हे आपले उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या वर एका जागी असल्यासारखे असतात आणि सतत आपल्याच बाजूला बघत राहतात. दर अर्ध्या तासाला एक पूर्ण चित्र, आणि दोन उपग्रहांच्या वेळा आलटून पालटून लावल्या तर दर पंधरा मिनिटांना. ढग कुठून कुठे सरकला यावरून त्या उंचीवरचा वारा काढतात, ढगाच्या माथ्याचं तापमान बघून तो किती उंच गेलाय हे काढतात. दुसरे उपग्रह असतात ध्रुवांवरून फिरणारे, आठशे-साडेआठशे किलोमीटरवर, दिवसाला चौदाएक चकरा मारणारे. अंदाजाच्या दृष्टीने खरं सोनं त्यांच्याकडे असतं. हवेतला ऑक्सिजन, बाष्प, कार्बन डायऑक्साइड ठरावीक लहरींवर किरणं सोडत असतात आणि किती सोडतात हे तिथल्या तापमानावर ठरतं, वेगवेगळ्या लहरी वेगवेगळ्या उंचीवरून वर येतात, तर त्या सगळ्या मोजल्या की हवेचा उभा छेदच हातात येतो, कुठल्या थरात किती गरम, कुठे किती दमट. या यंत्राला साउंडर म्हणतात. त्यातही जो मायक्रोवेव्हवर चालतो तो बहुतेक ढगांच्या आरपार बघतो, आणि मान्सूनमध्ये चार महिने ढगच ढग असताना ही केवढी मोठी सोय आहे हे सांगायला नको. फोटो काढणाऱ्या उपग्रहाला टाळ्या मिळतात पण अंदाज सुधारण्यात सगळ्यात मोठा हात या मायक्रोवेव्ह साउंडरचा आहे, हे मला प्रत्येक शाळेत सांगावंसं वाटतं.

चक्रीवादळांचं उदाहरण सगळेच देतात, मीही देणार, पण त्यात थोडं थांबून बघायला पाहिजे. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये भोला चक्रीवादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात तीन लाखांहून जास्त माणसं मारली. ते वादळ अमेरिकेच्या उपग्रहांना दिसलेलं होतं. दिसलं पण किनाऱ्यावरच्या माणसाला त्याचं गांभीर्य पोहोचलं नाही, पोहोचलं तरी जायला जागा नव्हती. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आलं तेव्हा आपल्याकडे इन्सॅट होता, तरी सुमारे दहा हजार माणसं गेली. आणि त्याच ओडिशात २०१३ ला फायलिन आलं, दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले, मृत्यू काही डझनांवर थांबले. २०१९ च्या फनीच्या वेळी बारा लाख लोक हलवले. मधल्या काळात वादळाच्या मार्गाचा अंदाज खूप अचूक झाला, एक दिवस आधी केलेल्या अंदाजात वादळाच्या जागेची चूक आता सरासरी शंभर किलोमीटरच्या आत असते, आणि त्यामुळे कुठली गावं रिकामी करायची हे ठरवता येतं. पण त्यासोबत निवारे बांधले, राज्याने आपत्ती व्यवस्थापनाची यंत्रणा उभी केली, गावागावात रंगीत तालमी केल्या. सगळं श्रेय उपग्रहाला दिलं तर ओडिशातल्या त्या माणसांवर अन्याय होईल, आणि उपग्रहाशिवाय त्या यंत्रणेला कधी हलायचं तेच कळलं नसतं हेही तेवढंच खरं.

आपल्या किनाऱ्यावरचा अनुभवही हेच सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, इशारा आधी होता, लोक हलवले, घरं-बागा भुईसपाट झाल्या पण माणसं मोठ्या प्रमाणावर वाचली. पुढच्याच वर्षी मे मध्ये तौक्ते आलं. त्याचाही इशारा दिवसेंदिवस आधी होता, तरीसुद्धा मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात पी-३०५ नावाचा बार्ज बुडाला आणि सत्तरच्या आसपास कामगार गेले. तिथे आकाशातली यंत्रणा कमी पडली असं कोणी म्हणू शकत नाही. उलट २०१७ च्या नोव्हेंबर अखेरीस ओखी कन्याकुमारीजवळ इतक्या झपाट्याने वाढलं की मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेलेले होते, त्यांच्यापर्यंत निरोप द्यायची सोयच नव्हती, केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटी वाऱ्यावर भरकटत थेट आपल्या देवगडला येऊन लागल्या. आलेल्यांना कोकणातल्या लोकांनी सांभाळलं. पण शेकडो जण परत आले नाहीत. वादळ अचानक जोर का धरतं हे कळायला समुद्राच्या पोटातली उष्णता, वादळाच्या गाभ्याची रचना हे सगळं दर काही तासांनी मोजावं लागतं, आणि ढगांच्या छताखाली डोकावायला परत तोच मायक्रोवेव्ह लागतो.

उपग्रहाला काय जमत नाही हेही उघडपणे बोललं पाहिजे, नाहीतर लोकांचा विश्वास उडतो. सह्याद्रीचं घ्या. उपग्रह ढगाच्या माथ्याच्या थंडपणावरून पावसाचा अंदाज बांधतो, माथा जितका थंड तितका ढग उंच, तितका पाऊस जास्त, असा साधारण हिशोब. पण घाटावर मान्सूनचे ढग पुष्कळदा फार उंच नसतातच, समुद्रावरची दमट हवा डोंगराला आपटून वर चढते आणि बुटक्या, उबदार ढगांतूनच बदाबदा कोसळते. महाबळेश्वर, आंबोली, गगनबावड्याचा पाऊस वरून बघणाऱ्याला म्हणून कमीच वाटतो. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, चिपळूण-महाड बुडालं, तळियेवर दरड कोसळली. असा पाऊस पकडायला जमिनीवरचं पर्जन्यमापक आणि ढगातला पाऊस व त्याची हालचाल मोजणारं डॉप्लर रडार याला पर्याय नाही. २६ जुलै २००५ तर मुंबईतल्या कोणालाच विसरता येणार नाही, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि पंचवीसेक किलोमीटरवर कुलाब्याला फक्त ७३. इन्सॅटच्या चित्रात पावसाळी ढग दिसत होते, पण एकाच शहराच्या दोन टोकांत एवढा फरक पडणार हे त्या चित्रातून कळणं शक्य नव्हतं, आणि मुंबईत तेव्हा डॉप्लर रडार नव्हतं. पहिलं बसायला पुढची काही वर्षं गेली, दुसरं वेरावलीला २०२२ मध्ये सुरू झालं.

म्हणून जे म्हणतात की आता आकाशातून सगळं दिसतं, जमिनीवरची स्टेशनं कशाला, त्यांच्याशी माझं अजिबात पटत नाही. ओझोनच्या छिद्राची गोष्ट यासाठी फार महत्त्वाची आहे. १९८५ मध्ये ते जगापुढे आणलं अंटार्क्टिकावरच्या हॅली तळावर वर्षानुवर्षं जमिनीवरून मोजणी करणाऱ्या तिघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी. निंबस-७ उपग्रहाच्या डेटामध्येही ती घट होती, पण इतके कमी आकडे संशयास्पद म्हणून खूण करून ठेवलेले होते. जमिनीवरच्या मोजणीने आवाज उठवल्यावर उपग्रहाने दाखवलं की हे छिद्र अख्ख्या अंटार्क्टिकाएवढं पसरलंय. दोघांपैकी एक जरी नसतं तरी जगाला जाग यायला उशीर झाला असता.

आता येतो माझ्या मुख्य मुद्द्यावर, तो आहे सलगतेचा. रोजच्या अंदाजाला आजचा डेटा पुरतो, पण हवामान बदललं की नाही हे सांगायला तीस-चाळीस वर्षांची न तुटलेली नोंद लागते. सातबाऱ्याच्या फेरफारांसारखं आहे हे, मधला एक फेरफार गहाळ झाला की पुढचे सगळे कितीही चोख असले तरी जमीन कोणाकडून कोणाकडे आली याचा वाद सुरू होतो. समुद्राच्या पातळीची नोंद ठेवणाऱ्यांनी हे फार चांगलं ओळखलं. १९९२ मध्ये समुद्राची उंची मोजणारा टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह गेला, मग जेसन-१, जेसन-२, जेसन-३, मग २०२० मध्ये सेंटिनेल-६. प्रत्येक वेळी नवा उपग्रह जुन्याच्या मागोमाग त्याच वाटेवर काही महिने चालवला, दोघे एकाच पाण्यावरून साधारण मिनिटभराच्या अंतराने जायचे, आकडे ताडून बघायचे, आणि मगच जुन्याला सुट्टी. त्यामुळे आज कोणीही ठामपणे सांगू शकतं की १९९३ पासून जगाची समुद्रपातळी साधारण दहा सेंटीमीटर वाढली आणि वाढायचा वेग तेव्हाच्या जवळजवळ दुप्पट झालाय. वर्सोवा, दादरचा किनारा, हर्णै, मालवण इथे राहणाऱ्याला हा परदेशी विषय वाटू नये. सगळीकडे हे इतकं नीट झालं नाही. भूजलाचा अंदाज देणारी ग्रेस उपग्रहांची जोडी २००२ ला गेली, तिच्याच डेटावरून २००९ साली कळलं की राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्यात सहा वर्षांत सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल उपसलं गेलंय, एवढी मोठी गोष्ट. ती जोडी २०१७ ला संपली आणि पुढची २०१८ मध्ये गेली, मध्ये जवळपास वर्षभर नोंदच नाही. तापमानाच्या नोंदीत वेगळाच घोळ झाला, उपग्रह हळूहळू खाली घसरत होते हे हिशोबात धरलं नव्हतं म्हणून वातावरण तापत नाही असं काही वर्षं वाटत राहिलं, १९९८ मध्ये ती चूक पकडली. एकमेकांशी ताडून बघायला बरेच उपग्रह आणि बऱ्याच गटांचे हिशोब होते म्हणून पकडली.

आपल्यासाठी या नोंदींचा अर्थ किती थेट आहे बघा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं की अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये ५२ टक्क्यांनी वाढली. हिशोब १९८२ पासूनच का, तर उपग्रहांची भरवशाची नोंद साधारण तिथपासून आहे. निसर्ग आणि तौक्ते हा नुसता योगायोग होता की समुद्र खरंच बदललाय, किनाऱ्यावर भूमिगत वीजवाहिन्या टाकायच्या का, बंदरं कशी बांधायची, आंबा-सुपारीच्या बागांचा विमा कसा धरायचा, हे सगळं ठरवताना हाच आकडा समोर ठेवावा लागतो. १९८२ च्या आधीची नोंद आता काही केल्या मिळणार नाही. आणि उद्या नोंद तुटली तर २०५० मध्ये बसून कोणी ती भरून काढू शकणार नाही, कितीही पैसे टाकले तरी.

आणि इथेच आपल्या देशाचं मला वाईट वाटतं, कारण आपल्याकडे बुद्धी आहे, रॉकेट आहे, आणि तरी मध्ये मध्ये भोकं राहतात. समुद्रावरचा वारा मोजणारं स्कॅटेरोमीटर घ्या. २००९ च्या ओशनसॅट-२ वरचं आपलं यंत्र जगभर वापरलं गेलं, ते २०१४ च्या फेब्रुवारीत बंद पडलं. पुढचा स्कॅटसॅट-१ गेला २०१६ च्या सप्टेंबरमध्ये, मधली अडीच वर्षं आपलं काहीच नाही, युरोपच्या डेटावर काम चाललं. स्कॅटसॅट २०२१ मध्ये थांबला आणि पुढचा ओशनसॅट २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गेला, परत भोक. मेघा-ट्रॉपिक्सचं तर जास्तच लागतं मनाला. भारत आणि फ्रान्सने मिळून २०११ मध्ये सोडलेला, विषुववृत्ताच्या आसपासच फिरणारा, म्हणजे आपल्याच पट्ट्यावरून दिवसातून कितीतरी वेळा जाणारा उपग्रह. त्यावरचं सफीर हे दमटपणा मोजणारं मायक्रोवेव्ह यंत्र युरोपातली केंद्रं आपल्या मॉडेलमध्ये वापरायची. २०२३ च्या मार्चमध्ये त्याला ठरवून पॅसिफिकवर जाळून संपवला, बातम्या त्या कौशल्याच्या आल्या आणि ते कौशल्य होतंच, पण त्याच्या जागी दुसरा तयार का नव्हता हे कोणी विचारलं नाही. ईओएस-०७ वर एक छोटं दमटपणा मोजणारं यंत्र पाठवलं होतं त्याच वर्षी, तो प्रयोग होता, आणि प्रयोगावर रोजची सेवा चालत नाही. एका जागी राहणाऱ्या हवामान उपग्रहांचंही बघा, एक गेला २०१३ ला, पुढचा २०१६ ला आणि मग एकदम २०२४ ला.

युरोपने हे कसं केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी १९८६ मध्ये युमेटसॅट नावाची वेगळी संस्थाच काढली, तीस देश वर्गणी भरतात, आणि उपग्रह एकेक न मागता मालिका म्हणून मागतात. ध्रुवांवरून फिरणारे मेटॉप उपग्रह घ्या, ए २००६, बी २०१२, सी २०१८, तिन्ही आधीच ठरलेले, आणि पुढच्या पिढीचा पहिला २०२५ च्या ऑगस्टमध्ये वर गेला. एखादा फसला, उशिरा आला तरी मागचा चालू असतो. आपल्याकडे इन्सॅट-३डीएस चा पूर्ण खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने केला, म्हणजे ज्याला डेटा हवा त्यानेच पैसे दिले आणि म्हणून त्यानेच मागण्या ठेवल्या. ही पद्धत मला मनापासून पटते, आणि ती एका उपग्रहापुरती न ठेवता पंधरा-वीस वर्षांच्या मालिकेला लावली पाहिजे. त्यात ध्रुवीय कक्षेतला स्वतःचा मायक्रोवेव्ह साउंडर पहिल्या नंबरला हवा. खर्चाचं म्हणाल तर इन्सॅट-३डीएस साठी ४८० कोटी असा आकडा तेव्हा बातम्यांत आला होता. एकशे चाळीस कोटी लोकांत वाटला तर माणशी साडेतीन रुपये, तेही कित्येक वर्षांच्या सेवेसाठी. गरीब देशाला हे परवडतं का असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हे की एका दुबार पेरणीत एका शेतकऱ्याचे किती हजार जातात ते आधी जाऊन विचारा.

दुसऱ्याच्या डेटावर अवलंबून राहणं किती नाजूक असतं ते २०२५ च्या जूनमध्ये सगळ्या जगाने बघितलं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या हवामान उपग्रहांचा मायक्रोवेव्ह डेटा काही दिवसांतच बंद करतोय असं जाहीर झालं, ऐन चक्रीवादळांच्या हंगामात. रात्री ढगाखाली वादळाचा डोळा कुठे आहे हे बघायला हाच डेटा लागतो, ध्रुवाजवळच्या बर्फाची १९७९ पासूनची नोंदही तेव्हा त्याच्याच आधारावर चालू होती. ओरड झाली, मुदत महिनाभर वाढली, मग डेटा चालू ठेवायचं ठरलं. पण हा निर्णय ना आपल्या हातात होता ना आपल्याला कोणी विचारलं. हवामानाचा डेटा देशांनी एकमेकांना फुकट द्यायचा ही फार सुंदर परंपरा आहे आणि ती टिकलीच पाहिजे, मात्र घेणाऱ्याने देणाराही व्हायला हवं, तरच त्याचा शब्द चालतो.

अजून एक विषय आहे ज्याच्यावर मराठीत कोणी बोलताना मला दिसत नाही. बाष्प २३.८ गिगाहर्ट्झच्या आसपास किरणं सोडतं, अतिशय क्षीण, आणि उपग्रह तिथेच कान लावून बसलेला असतो. त्याच्या शेजारचाच लहरींचा पट्टा, २४.२५ पासून पुढचा, फाइव्ह-जी साठी दिलाय, आपल्याकडे २०२२ च्या लिलावात तो विकला गेला. मोबाइल टॉवरची थोडी जरी गळती शेजारच्या पट्ट्यात झाली तर उपग्रहाला ते बाष्पच वाटणार. २०१९ मध्ये इजिप्तच्या शर्म-अल-शेखला झालेल्या, रेडिओ लहरींचं वाटप ठरवणाऱ्या जागतिक परिषदेत गळतीची मर्यादा ठरली, ती हवामानवाल्यांनी मागितली होती त्यापेक्षा सैल आहे, आणि सप्टेंबर २०२७ पासून ती थोडी कडक करायचं ठरलंय. आपल्या दूरसंचार खात्याने कंपन्यांना तोपर्यंत थांबू न देता आत्ताच कडक मर्यादा लावावी. इंटरनेटचा वेग दुसऱ्या पट्ट्यातून मिळू शकतो, बाष्पाला मात्र दुसरा पट्टा निवडता येत नाही.

हल्ली एआयचं ऐकून काही जण म्हणतात आता उपग्रह-बिपग्रह जुने झाले. २०२५ च्या खरिपात एआयच्या मदतीने केलेला मान्सून येण्याचा अंदाज ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मेसेजने पाठवला गेला, चांगलं पाऊल होतं ते, मला आवडलं. पण ती मॉडेल शिकलीत कशावर तर बहुतेक १९७९ पासूनच्या नोंदीवर, ज्यात उपग्रहांचाच भरणा आहे, आणि रोज सुरुवात करतात तीही आजच्या निरीक्षणांवरूनच. पुण्यात आयआयटीएममध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्स इतक्या प्रचंड गणनावेगाचा अर्क नावाचा सुपरकॉम्प्युटर बसवलाय, ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी भारत फोरकास्ट सिस्टिम २०२५ च्या मे पासून चालू आहे. यंत्र कितीही मोठं आणा, समुद्रावरची आत्ताची हवा त्याला कळली नाही तर ते चुकीच्या सुरुवातीचंच उत्तर जास्त बारकाईने काढत बसेल.

शेवटी डेटा कोणाचा हा प्रश्न. अमेरिकेने लँडसॅट उपग्रहांची चित्रं २००८ मध्ये सगळ्यांना मोफत केली आणि त्यानंतर त्यांचा वापर कैक पटींनी वाढला. युरोपच्या कोपर्निकस या उपग्रह कार्यक्रमाचा डेटा कोणीही घ्यावा. आपल्याकडे इस्रोच्या मॉसडॅक या वेबसाइटवर नोंदणी करून बरंच काही मिळतं, हवामान खात्याचा काही डेटा मोफत, काही पैसे भरून. कोल्हापूरच्या एखाद्या कॉलेजच्या पोराला पंचगंगेच्या पुराचा अभ्यास करायचाय तर त्याने दर तासाच्या पावसासाठी अर्ज-विनंत्या कशासाठी करायच्या? लोकांच्या पैशांनी मोजलेलं लोकांना मिळालं पाहिजे, जुनं आणि ताजं दोन्ही.

आणि हेच खाली महसूल मंडळापर्यंत लागू आहे. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, नुकसानभरपाईचं गाडं तिथून हलतं. म्हणजे मंडळातलं एक यंत्र कित्येक गावांचं नशीब ठरवतं. गवत वाढलेली, भिंतीला चिकटून बसवलेली यंत्रं मी स्वतः बघितलीत, त्यावर तक्रार कोणाकडे करायची हे गावात कोणाला सांगता येत नव्हतं. हेच आकडे वापरून उपग्रहाच्या पावसाचा अंदाज दुरुस्त करतात, तेव्हा खाली चुकलं की वरचंही चुकतं, विमाही चुकतो आणि दहा वर्षांनी होणारा अभ्यासही. हवामान सेवा सुधारण्याच्या मिशन मौसम या योजनेसाठी केंद्राने २०२४ मध्ये दोन वर्षांकरता दोन हजार कोटी मंजूर केले, त्यातून रडार वाढणार, स्टेशनं वाढणार. माझी मागणी एवढीच की त्यातला ठरावीक हिस्सा देखभालीसाठी बाजूला काढावा आणि प्रत्येक मंडळाच्या यंत्राचा पत्ता, फोटो, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली ती तारीख, आणि त्याच दिवशी उपग्रहाने त्या जागेवर किती पाऊस दाखवला तो आकडा, हे चारही एका पानावर मराठीत सगळ्यांना बघता येईल असं टाकावं. दोन आकड्यांत मोठा फरक दिसला की गावातलाच कोणीतरी जाऊन यंत्र बघेल, आणि जिल्ह्याच्या कृषी अधिकाऱ्याला त्याच आठवड्यात लेखी कळवेल.